तळपायांची आग आपोआप थांबली, म्हणजे मधुमेहाने बिघडलेल्या नसा बऱ्या झाल्या का?

तुम्ही लिहिलंय की मधुमेह ९ वर्षांचा आहे, टाइप २. दीड वर्ष रात्री तळपाय इतके जळायचे की पांघरुणाचा स्पर्शही नको व्हायचा. गेल्या दोन महिन्यांत आग कमी होत होत जवळजवळ थांबली, पण पाय ‘आपले नसल्यासारखे’ वाटतात. नसा सुधारतायत का, आणि नसांच्या आगीसाठीची प्रीगॅबालिन ही गोळी आता बंद करू का, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. १४ वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यातली निम्मी वर्षं पायांच्या नसांचं हे दुखणं सांभाळतोय. तुम्हाला न आवडणारं उत्तर आधी देतो: आग गेली आणि तिच्या जागी बधिरपणा आला असेल, तर नस बरी झाली असं धरून चालू नका. दुखणारी नस चुकीचे का होईना, निरोप पाठवत असते. ती पुरती कामातून गेली की आगही थांबते.

मलाही असंच बरं वाटलं होतं. तीनेक महिने छान झोप लागत होती. मग एका संध्याकाळी बूट काढले, तर मोजा तळाशी ओला. अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर गोल फोड आलेला, फुटलेला, आणि त्याच्या मधोमध चार बारीक टिंबं. बुटात शर्टाचं बटण पडलं होतं. सकाळपासून मी त्याच्यावर उभा होतो, जिने चढलो-उतरलो, त्याच्या भोकांचा ठसा पायावर उमटला तरी पत्ता नाही. ती जखम भरायला सात आठवडे लागले. त्याआधी चालताना एका पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि दोन पावलांनी लक्षात यायचं, त्यावर घरात हसणं व्हायचं. ते लक्षण होतं, हे नंतर कळलं.

पायच का, तर कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सगळ्यात लांब, सुमारे एक मीटर. त्यांची पेशी वर मणक्याजवळ असते आणि टोकापर्यंतची सगळी रसद तिथून खाली पोचवावी लागते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की तंतूच्या आतलं हे कामकाज बिघडतं, शिवाय नसेला रक्त देणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्याही खराब होतात. टोकं आधी सुकतात. त्यामुळे त्रास दोन्ही पायांच्या बोटांतून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो, आणि गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात. एकाच पायात असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा पायातली ताकद जात असेल, तर दोष मधुमेहावर ढकलून मोकळं होऊ नका, कारण दुसरं असू शकतं.

तुमच्या बाबतीत नक्की काय झालंय याचा अंदाज घरी घेता येतो. डोळे मिटून आडवे पडा आणि घरातल्या कुणाला तरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनी अलगद टेकवायला सांगा. एक-दोन सेकंदच. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना गेलीय असं समजून डॉक्टरांकडे जा. इंग्लंडमधल्या इप्सविच शहराच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. स्वतःची स्वतः मात्र करू नका. हाताच्या बोटाला कळतं आणि आपल्याला वाटतं पायाला कळलं.

दवाखान्यात हेच काम १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने आणि १२८ हर्ट्झच्या कंपनकाट्याने होतं. ही तपासणी वर्षातून एकदा हवीच, टाइप २ मध्ये निदान झाल्या दिवसापासून. कारण बऱ्याच जणांना आग, मुंग्या असं काहीच होत नाही, थेट जखमच दिसते. नसांचा आलेख काढणारी चाचणी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नका. ती जाड तंतूंची असते. आग आणि थंड-गरम वाहून नेणारे बारीक तंतू तिच्यात दिसत नाहीत. रक्तात बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, विशेषतः मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर. बी१२ कमी असलं तरी पाय असेच बधिरतात, आणि ते भरून काढता येतं.

वेदना नसणं हाच खरा धोका आहे, हे वैद्यकाला कुष्ठरोगाने शिकवलं. वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिलं की रुग्णांची बोटं रोगाने आपोआप ‘झडत’ नाहीत. दुखत नाही म्हणून रोजच्या वापरात जखमा होत राहतात आणि त्यातून ती जातात. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं. मला हे वाचून सगळ्यात जास्त धीर आला, कारण जखम टाळणं आपल्या हातात असतं.

म्हणून माझी सगळी मेहनत तिथे आहे. झोपण्यापूर्वी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतो, बोटांच्या बेचक्या बघतो. बूट घालण्याआधी उलटे करून झटकतो आणि आत हात फिरवतो. अनवाणी घरातसुद्धा नाही. पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायचं, पायाने नव्हे. शेकायची पिशवी तर घरातून काढूनच टाकली. घट्टा किंवा भोवरी ब्लेडने कापण्याचा मोह होतो, ते काम डॉक्टरांचं. आणि पाय एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, तर दुखत नसलं तरी त्यावर भार देऊ नका, त्याच दिवशी दाखवा. आतली हाडं ढासळायला लागल्याची ती खूण असू शकते आणि पुष्कळदा ती साधा मुरगळा समजून सोडून दिली जाते.

गेलेली नस परत येते का? फारशी नाही. टाइप १ मध्ये साखर काटेकोर ठेवल्याने नसांचं नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९३ साली एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. टाइप २ मध्ये एवढा फरक पडत नाही. तिथे वजन, रक्तदाब, चरबी, तंबाखू सगळंच मोजावं लागतं. पण होतं ते टिकवणं शक्य आहे, आणि माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे. फक्त घाई नको. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) तीन महिन्यांत फार झपाट्याने खाली आणलं तर काहींना उलट तीव्र आग सुरू होते. याच नसांची भावंडं हृदय, पोट, मूत्राशयही चालवतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, थोडं खाऊनही पोट गच्च, साखर उतरली तरी घाम-थरथर नाही, असं काही होत असेल तर तेही सांगा.

आता गोळी. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. म्हणजे तुमची आग गोळीमुळे दबली असेल, ही शक्यताही उरतेच. बोटांच्या चाचणीत सहाही ठिकाणी नीट कळलं तर तीच जास्त. पण तेव्हाही एकदम बंद करू नका. प्रीगॅबालिन अचानक सोडली की झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू डोस उतरवा, आणि आग परत येते का ते बघा. परत आली तर वैतागाल, पण मी तुमच्या जागी असतो तर हुश्श म्हटलं असतं.