दुकान वाढणार असेल तर साइट कशावर उभी करायची?

प्रश्न : मी इचलकरंजीला बीसीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांचं सुती कापडाचं दुकान आहे. साइटवर आत्ता 60 क्वालिटी (कापडाचे प्रकार) टाकायच्या आहेत, दोन-तीन वर्षांत त्या हजारावर जातील. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा हव्यात. वर्गातले म्हणतात, वर्डप्रेस छोट्या साइटसाठी असतं, सगळं रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत स्वतः लिही. मी काय निवडू? आणि पुढे करिअर कोणत्या सीएमएसमध्ये (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या वर्डप्रेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये) करू?

उत्तर : दुकानासाठी वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन (जोडून घ्यायचं सॉफ्टवेअर) घे. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त साइट वर्डप्रेसवर चालतात आणि त्यात खूप मोठ्याही आहेत. स्वतः सगळं लिहायला गेलीस तर लॉगिन, फोटो अपलोड, मसुदे, जुन्या आवृत्त्या, शोध हे सगळं तुलाच लिहावं आणि सांभाळावं लागेल. उद्या तू नोकरीला पुण्याला गेलीस की एक भाव बदलायचा तरी वडिलांना तुला फोन करावा लागेल.

साइट वाढल्यावर अडते ती बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात केलेल्या माहितीच्या मांडणीमुळे, म्हणून तुझा जास्तीत जास्त वेळ तिथे जाऊ दे. नवखे लोक पन्ना (कापडाची रुंदी), काउंट (सुताचा बारीकपणा), रंग सगळं वर्णनाच्या चौकटीत टाइप करून मोकळे होतात. पुढे गिऱ्हाइकाला '60 काउंट, 44 इंच पन्ना' असं गाळून बघायचं असतं, तेव्हा ते मजकुरातून वेगळं काढता येत नाही. वूकॉमर्समध्ये हे गुणधर्म 'प्रॉडक्ट्स'खालच्या 'ॲट्रिब्यूट्स'मध्ये आधी तयार कर आणि मग प्रत्येक क्वालिटीला लाव. एकेका प्रॉडक्टच्या आत हाताने लिहिलेला गुणधर्म पानावर दिसतो, पण फिल्टरला सापडत नाही.

कारण डेटाबेसमध्ये आहे. असा आधी तयार केलेला गुणधर्म टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारी, म्हणून साठतो. कस्टम फील्ड (प्रॉडक्टला वेगळी जोडलेली माहिती) मात्र पोस्टमेटा नावाच्या टेबलात जातं, एका फील्डला एक ओळ. हजार क्वालिटींना वीस-वीस फील्ड म्हणजे 20,000 ओळी, आणि मूल्याच्या रकान्यावर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नसतो. त्यावर फिल्टर लावला की साइट दमायला लागते. त्यामुळे ज्यावरून शोध घेतला जाणार ते टॅक्सॉनॉमीत, नुसतं दाखवायचं ते फील्डमध्ये. रंगांचंही भान ठेव. सहा रंग आणि तीन पन्ने असलेली एक क्वालिटी म्हणजे 18 व्हेरिएशन (रंग-पन्न्याच्या जोड्या), आणि प्रत्येक व्हेरिएशन ही डेटाबेसमधली स्वतंत्र नोंद असते.

भाषांचा निर्णय माल भरण्याआधीच घे. वर्डप्रेसच्या गाभ्यात बहुभाषिक सोय नाही, त्यासाठी पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखं प्लगइन लागतं. भाषा मागाहून जोडल्या आणि पत्ते बदलले, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणारा 301 रीडायरेक्ट द्यावा लागतो, नाहीतर गूगलवरून येणारं गिऱ्हाईक रिकाम्या पानावर पोचतं.

दिवाळीच्या गर्दीत पेज कॅशवर (पानांच्या तयार साठवलेल्या प्रतींवर) विसंबू नकोस. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅश करता येत नाहीत, तिथली प्रत्येक विनंती थेट पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांच्यावर येते. रेडिस ऑब्जेक्ट कॅशची (डेटाबेसची उत्तरं मेमरीत ठेवण्याची) सोय असलेलं होस्टिंग बघ. डब्ल्यूपी-क्रॉन (ठरल्या वेळची कामं करणारा वर्डप्रेसचा भाग) कुणी पान उघडलं की चालतो, तो बंद करून सर्व्हरचा क्रॉन लाव. लॅपटॉपवरची साइट सर्व्हरवर चढवताना डेटाबेसमधला पत्ता नोटपॅडने 'रिप्लेस ऑल' करून बदलू नकोस. सीरियलाइझ केलेल्या (एका ओळीत गुंडाळून ठेवलेल्या) डेटात मजकुराशेजारी त्याची लांबीही लिहिलेली असते. पत्ता बदलला आणि तो आकडा तोच राहिला की थीमच्या सेटिंग्ज गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस कमांड हे नीट सांभाळते.

शॉपिफाय या भाड्याच्या ऑनलाइन दुकान-सेवेवर सर्व्हरची काळजी नसते, पण दरमहा भाडं असतं, आणि सोडताना प्रॉडक्टची यादी सीएसव्हीत मिळाली तरी तिच्या लिक्विड या भाषेत लिहिलेली थीम दुसरीकडे चालत नाही. ड्रुपल हे दुसरं सीएमएस शिकायचं असेल तर अनेक संपादक, मंजुरीचे टप्पे आणि अनेक भाषा असलेल्या विद्यापीठासारख्या संस्थांसाठी. 2015 च्या आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिक सोय त्याच्या गाभ्यातच आहे. कापड दुकानाला एवढ्याची गरज नाही.

आता करिअर. नुसती थीम चढवून देणाऱ्यांची गर्दी फार आहे, तिथे थांबू नकोस. पीएचपी, मायएसक्यूएल आणि वर्डप्रेसचे ॲक्शन आणि फिल्टर हे हुक (वर्डप्रेसच्या कामात आपला कोड जोडायच्या जागा) पक्के कर. रिॲक्ट वाया जात नाही, 2018 मध्ये आलेला वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर त्यावरच बांधलेला आहे. वडिलांच्या साइटची एक स्टेजिंग (चाचणीची) प्रत काढ, तिच्यात दोन हजार नकली प्रॉडक्ट भर, क्वेरी मॉनिटर हे प्लगइन लावून कोणती क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) रेंगाळते ते पाहा आणि दुरुस्त कर. आधीचा वेळ, नंतरचा वेळ आणि काय बदललं हे गिटहबवर लिहून ठेव. मुलाखतीला जाताना तयार थीमच्या दहा साइटचे दुवे देण्यापेक्षा ही एक नोंद दाखव.