चाळीस बाय साठवर सहा बिऱ्हाडं

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. लातूरला आमचा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे, त्यावर १९८८चं बैठं घर. समोर वीस फुटी रस्ता. प्लॉट यजमानांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. ते २०१४ साली गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तेव्हा सासूबाई होत्या, त्या २०१९ला वारल्या. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. गल्लीत क्लासच्या लेकरांसाठी, त्यांच्यासोबत राहायला येणाऱ्या आयांसाठी घरं कमी पडतात. एक बिल्डर म्हणतो, घर पाडून खाली पार्किंग, वर तीन मजले, सहा टू बीएचके. सहा हजार फूट बांधकाम बसतं, तीन फ्लॅट तुमचे, तीन माझे. मुलगा म्हणतो, पाडायचं कशाला, आहे त्यावरच दोन मजले चढवू. काय करावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बाई, आधी चिरंजीवांचं. १९८८चं बैठं घर म्हणजे बहुतेक विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेला, कॉलम नाहीच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर निघालेली भेग आहे का बघा. उन्हाळ्यात ती रुंदावते, पावसाळ्यात मिटल्यासारखी होते, आणि पुट्टी भरली तरी पुढच्या मे महिन्यात हजर. ही काळ्या मातीची करणी. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. अशा पायावर एक खोलीही चढवू नका, दोन मजले तर दूरच.

आता बिल्डरचे सहा हजार फूट. वीस फूट म्हणजे सहा मीटर रस्ता. राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित विकास नियमावली आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१ आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असला की प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा वाढीव) मिळत नाही, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्कही चढवता येत नाही. मिळतो तो फक्त ६० टक्क्यांपर्यंतचा अॅन्सिलरी, म्हणजे जिना-गॅलरीसारख्या पूरक जागांसाठीचा जादा एफएसआय, आणि तोही पैसे भरून. तुमचे २,४०० फूट गुणिले १.१ म्हणजे २,६४०. त्यावर ६० टक्के, झाले ४,२२४. यात भिंती, जिना, लिफ्ट, गॅलरी सगळं आलं. सहा घरांत वाटले तर एकाला ७०० फूट, आणि आत वापरायला उरतात पाचशेच्या आसपास. त्याला टू बीएचके म्हणायचं असेल तर म्हणावं बापडं. सहा हजारांचा हिशेब एक तर समोर तीस फुटी रस्ता धरून केलाय, नाही तर मंजूर नकाशा एक आणि बांधकाम दुसरं, असा बेत आहे. दुसऱ्या प्रकारात भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला मिळणारी महापालिकेची परवानगी, अडकतं आणि नोटीस येते ती प्लॉटमालकाच्या नावाने.

माझा खरा मुद्दा मात्र वरच्या मजल्यांचा नाहीच. लहान इमारत चांगली की वाईट, हे खालच्या पार्किंगच्या मजल्यावर ठरतं, आणि बोलणी करताना त्याच्याकडे कुणी बघत नाही.

पहिले कॉलम. वर भिंतींनी भरलेले तीन मजले आणि खाली नुसते मोकळे खांब, हा भूकंपात सगळ्यांत दगा देणारा प्रकार. २६ जानेवारी २००१ला भूजच्या धक्क्याने दूर अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या, त्यांत अशा पार्किंगवर उभ्या केलेल्या पुष्कळ होत्या. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं कोसळली, म्हणून लोकांनी एवढाच बोध घेतला की आरसीसी केलं की झालं. तसं नाही. आपले गुत्तेदार कॉलम ९ इंची घेतात, भिंतीत लपतो म्हणून. भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं भारतीय मानक म्हणजे आयएस १३९२०, त्याच्या २०१६च्या आवृत्तीत कॉलमची बाजू किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे १२ इंच सांगितली आहे. कॉलमच्या उभ्या सळयांना आडव्या बांधतात त्या रिंगाही बघा. टोकं काटकोनात दुमडून सोडलेली नकोत, १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत; आणि कॉलमच्या बुडाशी व बीमखाली त्या जास्तीत जास्त चार इंचांवर. मी साइटवर रिंगांतलं अंतर मोजायला लागलो की मिस्त्री चहा सांगायला निघून जातो. तुम्ही जाऊ देऊ नका. काँक्रीट पडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. फुटिंग, म्हणजे कॉलमचा पायाही काळी माती ओलांडून मुरमात किंवा खडकावर टेकलं पाहिजे. किती खोल ते माती तपासल्यावरच कळेल, शेजाऱ्याचा पाया किती होता यावरून ठरवू नका.

दुसरं पाणी. एप्रिल २०१६ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या गावात सहा बिऱ्हाडांची इमारत काढताय. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड. तीस माणसांना रोज चार हजार लिटर झाले. मांजरा धरण कमी असलं की नळ किती दिवसांनी येतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आठवड्याची साठवण धरली तर हौद २८ हजार लिटरचा हवा, म्हणजे ३ बाय ४ मीटर आणि आत अडीच मीटर खोल. तो पार्किंगखालीच जाणार, आणि कॉलमच्या फुटिंगला धक्का न लावता. ही जागा नकाशात आजच धरावी लागते. नंतर खणायला निघालात तर इमारतीचा पाया उघडा पडतो. गच्चीचं पाणीही सोडू नका. १३० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९० हजार लिटर पडतं, गळती-सांडणी जाऊन ७० हजार तरी हाती येतं. ते गाळून बोअरमध्ये सोडा.

हौद, बोअर, लिफ्ट, जिना आणि मीटरची खोली खाली बसवल्यावर सहा गाड्या उभ्या राहतात का, ते कागदावर आखून बघा. बहुधा नाही राहणार.

म्हणून माझं मत : दोनच मजले, चार घरं. मजल्याला १,४०० फूट धरले तर एकूण २,८०० होतात, अॅन्सिलरीचे पैसे जेमतेम १६० फुटांचे लागतील. आणि एवढ्या कामाला बिल्डरचा भागीदार कशाला? निवृत्तीची थोडी पुंजी, मुलांपैकी कुणाच्या नावाने कर्ज, आणि देखरेखीला पगारी इंजिनिअर. एका घरात तुम्ही, तीन भाड्याने. तरीही बिल्डरलाच द्यायचं ठरलं, तर विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र दोन्ही नोंदणीकृत करा. तुमचे फ्लॅट कोणते ते क्रमांकासह लिहून घ्या, भोगवटा प्रमाणपत्र कुणी आणि कधी आणायचं तेही. अशा नोंदणीकृत करारात तुमचा भांडवली नफ्यावरचा कर पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या वर्षी लागतो. पण आपल्या वाट्याचा फ्लॅट त्याआधी विकलात तर ही सवलत जाते.

हे सगळं व्हायच्या आधी एक कागद. मृत्युपत्र नसल्याने यजमानांची मिळकत चौघांत सारखी वाटली गेली : तुम्ही, मुलगा, मुलगी आणि तेव्हा हयात असलेल्या सासूबाई. सासूबाईंचा तो पाव हिस्सा त्यांच्या वारसांकडे गेला, म्हणजे तुमच्या मुलांबरोबर तुमचे दीर-नणंद असतील तर त्यांच्याकडेही. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं तर बँक कर्ज देईल, नाही तर फाइल तिथेच थांबेल. चार नातेवाईक गोडीत असताना हे उरकून घ्या. एकदा पाटी लागली आणि फ्लॅटचे भाव कानावर गेले की सही महाग होते.

प्रश्न : नांदेडला सहा फ्लॅटच्या इमारतीत एक बघितला. रेरा नंबर नाही. बिल्डर म्हणतो, लागतच नाही. खरं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : खरं असू शकतं. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा एकूण फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. मात्र मग चौकशी तुम्हालाच करायची. मंजूर नकाशा मागा आणि त्यातले मजले समोरच्या इमारतीशी मोजून बघा. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला असेल तर नियमित केल्याचा दाखला मागा. मोफा, म्हणजे राज्याच्या फ्लॅट-मालकीच्या कायद्याप्रमाणे किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी करार करून नोंदवावा लागतो. ‘निम्मे आत्ता द्या, करार दिवाळीनंतर करू’ असं म्हणाला, तर दुसरं घर बघा.