केळीचा मळा विकून किडनीची डॉक्टरकी?

गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यावल तालुक्यात चार एकर केळी, भुसावळला एक प्लॉट, जिल्हा परिषदेचं 34 हजार पेन्शन. मुलगी 29 वर्षांची, एमडी मेडिसिन झालेली, आता तिला नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्या आजारांत, डीएम ही एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी करायचीय. नीट एसएस या तिच्या प्रवेश परीक्षेतल्या रँकवर एखाद्या डीम्ड विद्यापीठात नंबर लागेल असं ती म्हणते. तिथली फी वर्षाला 25 लाख. इकडे जळगावचं एक हॉस्पिटल आजच महिना पावणेदोन लाख द्यायला तयार आहे. दोन एकर विकून फी भरू का, असं तुम्ही विचारता. भाऊबंद म्हणतात, मुलीवर एवढा पैसा कशाला.

भाऊबंदांचं आधी उरकतो. मुलगा असता तरी मी हेच आकडे मांडले असते.

जमीन विकू नका. मुलीलाही अडवू नका.

तीन वर्षांची फी 75 लाख, हे तुम्ही धरलंच आहे. धरलं नाही ते बुडणाऱ्या पगाराचं: पावणेदोन लाखांनी छत्तीस महिन्यांचे 63 लाख. विद्यावेतन महिना 50 हजार धरलं तर 18 लाख परत येतील. म्हणजे खरी किंमत 1 कोटी 20 लाख, व्याज सोडून. डीएमनंतर तिची कमाई नुसत्या एमडीपेक्षा महिना पावणेदोन लाखांनी जास्त झाली, असं उदार मनाने मानू. तरी करापूर्वीच्या हिशेबात ही रक्कम भरून निघायला पावणेसहा वर्षं लागतात. तोवर ती अडतिशीच्या आसपास असेल.

आता तुमच्या पत्रात नसलेला रस्ता. डीआरएनबी हाही तीन वर्षांचाच सुपरस्पेशालिटी कोर्स, डीएमच्या बरोबरीचा, नीट एसएसमधूनच मिळणारा. मान्यताप्राप्त हॉस्पिटलांत शिकवतात, विद्यावेतन मिळतं आणि फी वर्षाला साधारण सव्वा लाख. तीन वर्षांचे चार लाख धरा. मग वरची किंमत 49 लाखांवर येते आणि अडीच वर्षांच्या आत फिटते. म्हणून चॉइस भरताना सरकारी कॉलेजं आणि डीआरएनबीच्या जागा देशभरातल्या वर टाका, डीम्ड सगळ्यात खाली. घरापासून लांब पडेल म्हणून चेन्नई-हैदराबाद गाळू नका. मिळालेली जागा सोडली तर अनामतीचं आणि पुढच्या परीक्षेच्या पात्रतेचं काय होतं, ते नियमपत्रात आधी वाचा.

डीम्डच पदरात पडलं तर कर्ज काढा, तिच्या नावावर. 75 लाख टप्प्याटप्प्याने उचलले, व्याज 10 टक्के धरलं, तर कोर्स संपेपर्यंत साध्या व्याजानेच 15 लाख चढतात. 90 लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिना 1 लाख 19 हजार. नव्या नेफ्रॉलॉजिस्टला पहिल्या वर्षी हा हप्ता जड जाईल. तिचे पेशंट पाठवणार आसपासचे फिजिशियन, आणि ती ओळख बसायला वेळ लागतो. डायलिसिसवाला पेशंट आठवड्याला दोन-तीनदा येतो, काम भरपूर. पण त्यातला बराचसा सरकारी योजनेच्या दरात. तिला जळगावात बसायचंय की पुण्या-मुंबईत, हे विचारलंत का? जास्तीच्या कमाईचा माझा पावणेदोन लाखांचा अंदाज त्यावरच वर-खाली होणार.

जमिनीचं. ग्रामीण शेतजमीन विकली की सहसा भांडवली नफ्यावर कर लागत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते. पण ठिबक बसवलेली, पाण्याची दोन एकर नंतर त्याच भावात परत मिळेल, असं आपल्या भागात कुणी मला दाखवून द्यावं. शिवाय वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचाही त्यात जन्मतः हक्क आहे. तिच्या सहीशिवाय पुढे जाऊ नका. केळीचा बाजारातला जाहीर (बोर्ड) भाव कधी हसवतो कधी रडवतो, पण तुमच्या म्हातारपणी पेन्शनच्या जोडीला तेच आहे.

कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल, म्हणजे ती अडली तर बँक तुमच्या दारात. त्यामुळे कर्ज मंजूर होईल त्याच आठवड्यात तिच्या नावावर एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट आठ वर्षं मिळते, मात्र फक्त जुन्या करप्रणालीत.

शेतजमिनीवर थकलेलं कर्ज सरफेसी कायद्याने, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन, वसूल करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. बँकेत जाल तेव्हा सातबारा घरीच ठेवा, भुसावळच्या प्लॉटचे कागद न्या.