सिंथमध्ये बनवलेल्या किकला ठोका का येत नाही?

व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये साइन वेव्हची (साध्या, गुळगुळीत लहरीची) किक, म्हणजे बास ड्रमचा आवाज, बनवली, ती हेडफोनवर नुसती घुमते, लॅपटॉपवर ऐकूच येत नाही आणि वर तीन सॅम्पल (तयार ध्वनिमुद्रित आवाज) चढवूनही ठोका येत नाही, असं तुम्ही विचारलंय. आधी ती तिन्ही सॅम्पल बंद करा. एकाच ऑसिलेटरमधून (लहर निर्माण करणाऱ्या भागातून) भरदार किक निघते. निघत नसेल तर बहुतेक वेळा अडचण पिच एन्व्हलपमध्ये, म्हणजे सुराची उंची वेळेनुसार बदलणाऱ्या रेघेत, असते.

५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन पुरं व्हायलाच २० मिलिसेकंद लागतात. एवढ्या संथ लहरीतून ठोका कसा जाणवणार? तो येतो वरून झपाट्यानं खाली घसरणाऱ्या पिचमधून. रोलँडच्या टीआर-८०८ (१९८०) या ड्रम मशीनच्या किकमध्ये एका अनुनादी सर्किटला छोटा विद्युत स्पंद दिला जायचा आणि ते घुमत घुमत विरायचं, म्हणून तिचा खर्ज गोल आणि लांब. टीआर-९०९ (१९८३) मध्ये पिचची घसरण आणि सुरुवातीचा क्लिक यांवर भर होता, म्हणून ती छातीवर आदळते. तुम्हाला हवी आहे ती ९०९च्या वळणाची.

साइन वेव्ह ५५ हर्ट्झच्या सुरावर वाजवा. (काही सॉफ्टवेअर त्याला ए१ म्हणतात, काही ए०, म्हणून हर्ट्झच पाहा.) एन्व्हलप २ ऑसिलेटरच्या पिचला जोडा, मात्रा ३६ सेमीटोन (अर्धस्वर). म्हणजे सुरुवात ४४० हर्ट्झवर होईल. अटॅक (चढायचा वेळ) शून्य, सस्टेन (टिकून राहायची पातळी) शून्य, डिके (घसरायचा वेळ) साधारण ६० मिलिसेकंद. आता डिकेची रेघ ओढून खोल वाकवा: आधी कड्यासारखी कोसळणारी, मग हळूहळू सपाट होणारी. रेघ सरळ ठेवली तर किकऐवजी व्हिडिओ गेममधल्या बंदुकीसारखं 'प्यूं' ऐकू येतं. या एका वळणावर मनसोक्त वेळ घालवा, माझ्या मते किकचं निम्मं काम इथेच होतं. हात बसला की काम दोन एन्व्हलपमध्ये वाटून बघा. ५ ते ८ मिलिसेकंदांचा उंच एन्व्हलप क्लिक देतो, आणि ८० च्या आसपासचा, फक्त १२ सेमीटोनचा, अंग देतो. दोन्ही वेगवेगळे हाताळता आले की सॅम्पलची आठवणही होत नाही.

प्रत्येक ठोका वेगळा वाजतोय असं वाटत असेल तर ऑसिलेटरच्या फेजचं रँडम शून्यावर आणा आणि व्हॉइस (एका वेळी वाजणारे सूर) एकच ठेवा. नाहीतर लहर दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होते आणि क्लिक कधी येतो, कधी नाही.

आता लॅपटॉपचं. त्याचे छोटे स्पीकर ५५ हर्ट्झ जवळपास वाजवतच नाहीत. इक्यूनं (ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) तिथे कितीही चढवलंत तरी हेडफोनवरचं घुमणं वाढेल आणि मिक्समधली जागा फुकट जाईल. त्याऐवजी सॅच्युरेशन (लहर दाबून तिचा आकार किंचित बिघडवणारा इफेक्ट) लावा. त्यातून १६५, २७५ असे विषम हार्मॉनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात, आणि लहर वरच्या-खालच्या बाजूला असमान दाबली तर ११० सुद्धा. ते छोट्या स्पीकरवर ऐकू येतात आणि त्यांच्या आधारानं कान खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. ड्राइव्ह (सॅच्युरेशनचा जोर) हळूहळू वाढवा आणि किकची शेपटी, म्हणजे विरत जाणारा शेवट, घरघरायला लागली की थोडा मागे या.

शेपटीची लांबी गाण्याच्या लयीवरून ठरवा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंद असतात. त्यातल्या २५० ते ३०० मध्ये किक संपली तर बेसलाइनला श्वास घेता येतो. इतकी आखूड किक गाण्याच्या पट्टीत काटेकोर बसवायची फारशी गरज नसते. लांब ठेवणार असाल तर मात्र ती सुरातच हवी, नाहीतर बेसशी भांडते.

एवढं करूनही वरचा कडकपणा कमी वाटला, तर तुमच्या तीन सॅम्पलपैकी एकच परत आणा आणि त्याचं ४०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा.