पेशीचे पटल, उसाचा फड आणि रंकाळ्याचे पाणी

मागील अंकात पेशीच्या रचनेवर लेख आला आणि शाळा, शेत, तालीम अशा सगळीकडून पत्रे आली. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक प्रश्नांचे उत्तर पेशीभोवतीच्या प्रद्रव्यपटलापाशी येऊन थांबते. हे पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाड असते. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही, पण त्याने केलेले काम दिसते. निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करून घेते. निम्म्या मुलांना काळ्या कडांची वर्तुळे दिसतात आणि त्यांनाच ती पेशी समजतात. उरलेल्यांना लांबट चौकटी दिसतात, पण केंद्रक काही सापडत नाही. आयोडीन वाढवले की सगळेच तपकिरी होते. चुकते कुठे? – शिक्षिका, करवीर तालुका

उत्तर : बाई, काळ्या कडांची वर्तुळे म्हणजे हवेचे बुडबुडे. कव्हरस्लिप वरून आडवी टाकली की ते हमखास अडकतात. पापुद्रा कोरडा पडला तरी अडकतात. म्हणून सुरुवात पापुद्र्यापासूनच करू.

कांदा ताजा आणि कडक घ्या. चार फाकी करा, बाहेरचे दोन थर सोडा आणि तिसरा किंवा चौथा थर घ्या. तो बाहेरच्या बाजूला वाकवून मोडा. आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा मोडलेल्या कडेशी सुटून येतो. चिमट्याने ओढून तो लगेच वाटीभर पाण्यात सोडा. हवेत अर्धा मिनिट राहिला तरी गुंडाळतो, आणि गुंडाळलेला पापुद्रा स्लाइडवर उलगडायला गेले की फाटतो. पाण्यातच कात्रीने 5 मिलिमीटरचा चौकोन कापा. स्लाइडवर आधी पाण्याचा थेंब ठेवा आणि ब्रशने चौकोन उचलून त्या थेंबावर सोडा.

औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन तसेच घालू नका. एक भाग टिंक्चरला चार भाग पाणी, आणि त्याचा एकच थेंब पुरे. दोन मिनिटे थांबा, जादा रंग टिपकागदाने टिपा, पुन्हा पाण्याचा थेंब द्या. मग कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवून, दुसरी सुईवर तोलत, तिरकी ठेवून सावकाश खाली आणा. सॅफ्रनिन वापरत असाल तर 1 टक्क्याचे द्रावण अर्धा मिनिट ठेवून पापुद्रा धुवा. धुतला नाही तर सगळे लालभडक होते.

केंद्रक न दिसण्याचे खरे कारण मात्र बहुधा रंग नसते, प्रकाश असतो. मुले आरसा फिरवून होईल तितका उजेड आत घेतात आणि त्या झगझगाटात फिकट वस्तू विरून जातात. मंचाखालचा, उजेड कमी-जास्त करणारा पडदा अर्ध्याहून जास्त बंद करायला सांगा. आधी 4 पटीचे वस्तुभिंग लावून पापुद्र्याची एकपदरी, बुडबुडे नसलेली जागा शोधा, मग 10 पटीचे लावा. कांद्याची पेशी पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही लांब असते, त्यामुळे एकूण 100 पट वर्धन भरपूर होते. केंद्रक मधोमध शोधू नका. पेशीची बहुतेक जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते आणि पेशीद्रव्य, केंद्रक दोन्ही भिंतीलगत ढकलले गेलेले असतात. म्हणून काही पेशींत केंद्रक कडेला चपटे दिसते. ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकले असेल तर गोल आणि मध्यावर भासते. मुलांना दोन्ही प्रकार वहीत काढायला लावा. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे गोल केंद्रक सगळ्या पेशींत दिसायलाच हवे, हा समज त्यामुळे जातो.

आयोडीनने पेशी मरते. म्हणून वेळ असेल तर एक स्लाइड बिनरंगाची करा, 40 पटीचे भिंग लावा आणि पडदा जवळजवळ बंद करा. पेशीद्रव्याचे बारीक धागे आणि त्यांतून सरकणारे कण दिसतात. त्यासाठी दोन-तीन मिनिटे एकाच पेशीवर नजर ठेवावी लागते. जिवंत पेशी आत हलत असते, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावे असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : मिठाच्या पाण्यात पेशीतला भाग आकसतो आणि भिंत जागेवर राहते, असे पुस्तकात आहे. मग भिंत आणि आकसलेला गोळा यांच्या मधल्या जागेत काय असते? हवा की पोकळी? – विद्यार्थी, इयत्ता आठवी, राजारामपुरी

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. तिथे मिठाचे पाणीच असते. पेशीभित्तिका सेल्युलोजची, सच्छिद्र असते. तिच्यातून पाणी जाते आणि मीठही जाते. अडवणूक करते ते तिच्या आतले पटल. ते पाण्याला सहज वाट देते, मिठाला जवळजवळ देत नाही. बाहेर मीठ जास्त म्हणून आतले पाणी बाहेर पडते, पटल आकसते आणि रिकामी झालेली जागा बाहेरचे खारे पाणी भरून काढते. यालाच रससंकोच म्हणतात.

हे बघायला पांढरा नव्हे, लाल कांदा घे. सुकी साल काढल्यावर जो पहिला रसाळ थर येतो, त्याच्या बाहेरच्या फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा हवा. जांभळा रंग रिक्तिकेत असतो, म्हणून वेगळा रंग देण्याची गरजच पडत नाही. साध्या पाण्यात स्लाइड करून आधी नीट बघ. सगळी चौकट जांभळी भरलेली दिसेल. मग 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळव. त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोड आणि समोरच्या कडेला टिपकागद लाव, म्हणजे खारे पाणी आत ओढले जाईल. पाच मिनिटांच्या आत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो आणि शेवटी गोलसर होतो. त्याच पद्धतीने साधे पाणी फिरवलेस तर तो परत फुगून भिंतीला भिडतो. मीठ फार सौम्य असेल तर काहीच घडत नाही. फार तीव्र घेतलेस किंवा जास्त वेळ ठेवलेस तर पेशी मरतात आणि मग साध्या पाण्यानेही फुगत नाहीत.

आता एक पापुद्रा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून तोच प्रयोग कर. जांभळा रंग पाण्यात उतरलेला असेल आणि मिठाने काहीच आकसणार नाही. उष्णतेने पटल मोडले, त्यामुळे अडवणारे कोणी उरले नाही. भिंत मात्र जशीच्या तशी उभी दिसेल. पाण्यात टाकलेल्या मनुक्यांपेक्षा हा प्रयोग कितीतरी स्पष्ट आहे, कारण पेशीत काय घडते ते थेट दिसते.

प्रश्न : शिरेतून शुद्ध पाणी न देता सलाइनच का देतात? आणि तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तर ती जगते कशी? – वाचक, इचलकरंजी

उत्तर : सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असते. रक्तपेशीच्या आतल्या द्रावणाशी ते जुळते, म्हणून पाणी आतही धावत नाही आणि बाहेरही. निव्वळ पाणी शिरेत गेले तर तिथल्या तांबड्या पेशी फुगून फुटतात, कारण ताण धरायला त्यांना भित्तिका नसते. केंद्रक आणि तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, मायटोकॉन्ड्रिया) तांबडी पेशी रक्तात येण्याच्या आसपासच गमावते आणि ग्लुकोज ऑक्सिजनविना मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर साधारण 120 दिवस काढते. नवी प्रथिने तिला बनवता येत नाहीत. पटल ताठर झाले की प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला काढून टाकतात.

प्रश्न : ऊस तुटून तीन दिस फडातच पडला. ट्रॉलीच मिळंना. मग गुऱ्हाळावर नेला तर गूळ बसंना, ढेप मऊ, वरनं पाझरतीय. गुळव्या म्हणतोय चुना कमी पडला. पण यंत्रावर ब्रिक्स तर चांगला दावत होता. असं कसं? – ऊस उत्पादक, कागल

उत्तर : दादा, चुन्याचा दोष नाही. ऊस तोडला म्हणजे लगेच मेला असे होत नाही. कांड्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि श्वसन चालू ठेवतात. पानात तयार झालेली साखर उसाने कांड्याच्या पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवलेली असते. तोडणीनंतर पानांकडून नवी साखर येणे थांबते, पाणी उडत राहते आणि इन्व्हर्टेज नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) जोर वाढतो. हे विकर उसाच्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. तुकडे गोडच असतात, पण सुक्रोजसारखा कण धरत नाहीत आणि हवेतला ओलावा ओढतात. तुमची ढेप पाझरली ती त्यामुळे. शिवाय तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात आणि साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात. त्याने रस बुळबुळीत होतो आणि मळी नीट सुटत नाही.

ब्रिक्सने फसगत होते ती अशी. हाताचे यंत्र रसात एकूण किती विरघळलेले आहे तेवढेच सांगते. त्यातले सुक्रोज किती आणि तुटलेली साखर किती, हे त्याला कळत नाही. ऊस सुकला की पाणी कमी होऊन आकडा उलट चढतो. म्हणून शिळ्या उसाचा ब्रिक्स बघून आनंद मानू नका.

चुना रसाची आंबट बाजू कमी करतो आणि मळी सुटायला मदत करतो. त्यामुळे काहिलीत (रस उकळण्याच्या कढईत) साखर आणखी तुटण्याला आळा बसतो, कारण आम्ल आणि उष्णता मिळूनही सुक्रोज तुटते. पण आधीच तुटलेली साखर चुन्याने पुन्हा जुळत नाही. वर चुना जास्त झाला तर गूळ काळपट पडतो.

ऊस तोडल्यापासून 24 तासांत घाण्यावर गेला पाहिजे. वाहन मिळाल्याशिवाय कोयता लावू नका, हे आमचे आग्रहाचे सांगणे. अडचण आलीच तर मोळ्या सावलीत ढीग करून ठेवा, पाचटाने झाका आणि वरून पाणी शिंपडा. ऊस गार राहिला, सुकला नाही, तर विकराचा वेग मंदावतो. वाढ्याखालची, म्हणजे शेंड्याकडची, कोवळी कांडी रसात येऊ देऊ नका, तिथे तुटलेली साखर मुळातच जास्त असते. फाटलेला, उंदराने कुरतडलेला, किडीने पोखरलेला ऊस वेगळा काढा. जखम म्हणजे फुटलेल्या पेशी, आणि पेशी फुटली की रिक्तिकेत कोंडलेली साखर जिवाणूंसमोर उघडी पडते. जळिताच्या उसात आगीने पेशीच मेलेल्या असतात, म्हणून तो सगळ्यात आधी गाळायचा. गाळलेला रसही ताटकळत ठेवू नका, आदण लगेच चढवा. पुढच्या हंगामाआधी कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन तुमच्या जातीचा पक्वता काळ विचारून घ्या. कच्चा ऊस ताजा गाळला तरी हीच तक्रार येते.

प्रश्न : कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठाला कधी कधी हिरवी साय दिसते. ती शेवाळाची की जिवाणूंची, हे कसे ओळखावे? – पर्यावरण गटातील विद्यार्थिनी

उत्तर : हातमोजे घालून काचेच्या बाटलीत पाणी घे आणि रात्रभर न हलवता ठेव. सगळा हिरवा भाग भिंतीच्या रंगाच्या थरासारखा वर जमला तर नीलहरित जिवाणूंचा संशय धर. त्यांच्यातल्या काहींच्या पेशीत हवेच्या सूक्ष्म पुटिका असतात, त्यामुळे ते तरंगतात. मग 40 पटीच्या भिंगाखाली बघ. हिरव्या शैवालाच्या पेशीत हरितलवक, म्हणजे हरितद्रव्य असलेला भाग, वेगळे उठून दिसते. नीलहरित जिवाणूला हरितलवक नसते, केंद्रकही नसते, सगळी पेशी एकसारखी रंगलेली असते. सौम्य आयोडीन दिले की हिरव्या शैवालातला स्टार्च निळा-काळा होतो. नीलहरित जिवाणू ग्लायकोजेन साठवतात, त्यामुळे ते तपकिरीच राहतात.

यांतले काही, उदाहरणार्थ मायक्रोसिस्टिस, यकृताला घातक विष बनवतात. ते मुख्यतः पेशीच्या आत असते. मोरचूद टाकून साय मारली की पटले फुटतात आणि सगळे विष एकदम पाण्यात उतरते. उकळल्यानेही ते जात नाही. अशी साय दिसेल तिथे जनावरे पाण्यावर नेऊ नयेत, पोहायलाही उतरू नये.

प्रश्न : मुलगा तालमीत आहे. जोर-बैठकांनी स्नायूंतल्या पेशी वाढतात का? मेहनत वाढवल्यावर रक्त तपासले तर सीपीके फार जास्त निघाले. घाबरायचे काय? – पालक, शाहूपुरी

उत्तर : पेशींची संख्या फारशी वाढत नाही, जाडी वाढते. स्नायूचा प्रत्येक तंतू ही एकच लांब पेशी असते. तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते आणि कडेला शेकडो केंद्रके असतात. मेहनतीने तंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिनच्या दोऱ्या वाढतात. शेजारच्या राखीव पेशी तंतूत विलीन होऊन त्याला नवी केंद्रके देतात. शेकड्यांनी बैठका मारल्या की तंतुकणिकाही वाढतात आणि दम टिकतो.

सीपीके हे स्नायुपेशीच्या आतले विकर. नव्याने वाढवलेल्या मेहनतीत तंतूंच्या पटलांना बारीक इजा होते आणि ते रक्तात झिरपते. म्हणून तपासणीच्या आधी तीन-चार दिवस जड मेहनत थांबवावी, आणि व्यायामाची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. विश्रांतीनंतर आकडा उतरत असेल तर सहसा चिंता नसते. लघवी कोलासारखी गडद तपकिरी झाली, स्नायू सुजून कडक झाले किंवा अंगात ताकदच राहिली नाही, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फुटलेल्या तंतूंतले मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकत असते. अशा वेळी घरी वेदनाशामक गोळ्या देऊ नका, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावरचा भार आणखी वाढवतात.