परदेशातल्या आपत्तीसाठी थेट संस्थेला द्यावं की एकत्रित निधीला?

टीव्हीवर दिसणाऱ्या भूकंपासाठी द्यायचं असेल तर खात्रीची कुठलीही संस्था चालेल; तिथे पैसा येतोच. कॅमेरे फिरकत नाहीत अशा संकटांसाठी मात्र मी एकत्रित निधीच निवडेन. संयुक्त राष्ट्रांचा 'सर्फ' (CERF, म्हणजे तातडीच्या मदतीसाठीचा केंद्रीय निधी) हा असाच एक निधी, २००६ पासून चालू आहे. त्यात पैसे आधीच जमा असतात, म्हणून आपत्ती आल्यावर आवाहन काढून वाट बघत बसावं लागत नाही. शिवाय एक हिस्सा दुर्लक्षित संकटांसाठीच राखलेला असतो. गोम एवढीच, की पैसे युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम अशा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडेच जातात. स्थानिक संस्थेला थेट अर्ज करता येत नाही. तिला मदत व्हावी असं वाटत असेल तर त्या त्या देशासाठीचा वेगळा निधी बघा. आणि हो, देणगीवर मिळणारी ८०जी ची आयकर सवलत इथे गृहीत धरू नका.