अक्षर सासरचं, नाव कुणाचं?

ताई, मी न्यू जर्सीत राहते. नवरा अमेरिकन. त्यांच्या घरात मुलग्यांची नावं ‘जे’वरूनच ठेवतात: आजेसासरे जॉन, सासरे जेम्स, नवरा जेसन. सप्टेंबरमध्ये आम्हाला मुलगा होणार आहे आणि सासूबाईंना पुन्हा जेम्सच हवाय. सांगलीहून आई म्हणते, पत्रिकेत येईल त्या अक्षरावरून मराठी नाव ठेव. त्यात जेम्सचा अर्थ ‘दुसऱ्याची जागा बळकावणारा’ असा वाचला आणि मन उडालं. आमचं आडनाव ‘पी’वरून आहे. काय करू?
– दोन आज्यांच्या कात्रीत

प्रिय कात्रीत,

जेम्सचा तो अर्थ कुणी उगाच रचलेला नाही, पण त्यावरून नाव बाद करू नका. जेम्स आणि जेकब ही मुळात एकाच हिब्रू नावाची दोन रूपं. बायबलमधला याकोब, म्हणजेच जेकब, जुळ्या भावाची टाच धरून जन्मला, म्हणून ‘टाच धरणारा’. पुढे त्यानं थोरल्याचा हक्क मिळवला, म्हणून ‘बळकावणारा’. अमेरिकेत मात्र जेम्स म्हटल्यावर हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. १९४० ते १९५२ मुलग्यांच्या नावांत जेम्स पहिला होता आणि १९९९ ते २०१२ जेकब.

जेम्स नको म्हणायचं खरं कारण व्यवहाराचं आहे. आजोबा आणि नातू एकाच नावाचे झाले की पत्रं, औषधांची बिलं, पुढे कर्जाचे रेकॉर्ड यांची सरमिसळ होते. बाप-लेक एका नावाचे असले तर लेकाला ‘ज्युनियर’ लागतं. तुमच्याकडे मध्ये जेसन आहे, म्हणून बाळाला ‘दुसरा’ ही शेपटी लागेल आणि ती प्रत्येक फॉर्मवर सांभाळावी लागेल. सासूबाईंना हेच सांगा, आणि तुम्ही नाही, त्यांच्या मुलानं सांगायचं. ‘जे’ तुम्ही मान्य केलात, ही तुमची तडजोड झाली. आता नाव तुम्ही दोघं निवडणार.

‘जे’ची बरीच नावं हिब्रूतून आलेली आणि देवाच्या नावानं सुरू होणारी आहेत. जॉन म्हणजे देवाची कृपा, जोएल म्हणजे यहोवा हाच देव, जोशुआ म्हणजे देव तारणारा. जोशुआचं घरगुती रूप जॉश, लाडानं जॉशी. मराठी घरात नातवाला जोशी म्हणून हाक मारायची तयारी असेल तर खुशाल ठेवा! जोनाथन म्हणजे देवानं दिलेला, थोडक्यात आपला देवदत्त. बायबल नकोच असेल तर जॅस्पर (फारसी मुळातून, खजिनदार), जस्टिन (न्यायी) आणि ज्युलियन आहेत. जेडन ही अलीकडची घडण. २०१० च्या आसपास तिची इतकी लाट आली की आता नावावरूनच वयाचा अंदाज येतो.

‘जे’वरूनच मराठी नाव म्हणाल तर जयंत टाळा. स्पेलिंग वाचून शाळेत त्याचा ‘जायंट’ होण्याची भीती आहे. जय सुटसुटीत आहे, पण ‘जे-ए-वाय’ लिहिलंत तर बाहेर सगळे ‘जे’ म्हणणार आणि ‘जे-ए-आय’ लिहिलंत तर दर वेळी उच्चार सांगत बसावं लागणार. घरी जय, बाहेर जे हे चालत असेल तर उत्तम नाव.

माझं मत विचाराल तर जोनाथन देव. अर्थ जुळतो, आईला देवा म्हणून हाक मारता येते, आणि जोनाथनचं ‘जॉन’ होतंच, त्यामुळे आजेसासऱ्यांचंही नाव राहतं. फक्त या जॉनमध्ये ‘एच’ नसतो, तो चुकून कुठे घालू नका. मधलं नाव दुसरं घ्यायचं असेल तर ‘ए’वरून नको. आदित्य, अर्णव कितीही आवडलं तरी ‘जे-ए-पी’ अशी आद्याक्षरं होतात आणि तो जपान्यांना हिणवणारा शब्द आहे.

नाव बाळंतपणाआधी पक्कं करा, पण कुणाला सांगू नका. सांगितलंत की दोन्हीकडून दुरुस्त्या सुरू. जन्मनोंदणीचा फॉर्म साधारणपणे हॉस्पिटलमधून सुटायच्या आधीच भरून घेतात. सोशल सिक्युरिटी नंबरची (अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाची) मागणीही त्याच वेळी करता येते. तेव्हा तुम्ही थकलेल्या असाल, म्हणून स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पिशवीत ठेवा आणि सही करण्याआधी नवऱ्याला एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावा. इथे चूक राहिली तर पासपोर्टवर जाते, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) पासपोर्टवरच्या नावानंच निघतं. ओसीआयच्या अर्जात मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो, ते पहिल्या नावालाच जोडून लिहायचं.

आईचं पत्रिकेतलं अक्षर नावरस नावासाठी ठेवा. ते पाळण्यातलं नाव, सरकारी कागदावर यायची गरज नाही. मात्र जन्मवेळ कळवताना न्यू जर्सीची आहे हे स्पष्ट लिहा. सप्टेंबरमध्ये भारत साडेनऊ तास पुढे असतो आणि नक्षत्राचा एक चरण, म्हणजे ज्यावरून अक्षर ठरतं तो पाव भाग, सरासरी सहा तासांचा. तुमची वेळ भारतातली समजून पत्रिका केली तर चरण सरकतो आणि अक्षर बदलतं. बाळ उत्तराषाढाच्या तिसऱ्या किंवा चौथ्या चरणात जन्मलं तर अक्षर जा किंवा जी येईल आणि भांडणच मिटेल, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि नणंद असेल तर बारशाचं तिला आधीच समजावून ठेवा. कानात ‘कुर्र’ करून नाव सांगणारी आत्या तीच, आणि त्या वेळी पाठीत धपाटे का बसतात हे तिला तेव्हा कळायला नको.